निम्नस्वाक्षरीकाराचा गुडघा

सरकारी नोकरीत माणसाला काय मोजून आणावं लागेल याचा नेम नाही. मी विहिरी मोजल्या आहेत, पाइप मोजले आहेत, एकदा तर चोरीला गेलेल्या मोटरचा नुसता चौथरा मोजून आणला आहे. पण गेल्या वर्षी वरच्या कार्यालयातून आलेलं पत्र मी तीनदा वाचलं. 'संदर्भीय नोंदवहीतील गुडघा प्रत्यक्ष मोजून त्याची उंची मीटरमध्ये तात्काळ कळवावी.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर.

गुडघा कोणाचा, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. त्या गुडघ्याची नोंद माझ्याच अक्षरात होती.

मी नोकरीला लागले ती नदीवरच्या मोटरींना परवाने देणाऱ्या एका शाखा कार्यालयात, सायखेड्याच्या बाजूला. मी पंचवटीतली. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण, त्यामुळे यात्रेकरूंच्या वंशावळींच्या वह्या माळ्यापासून पलंगाखालपर्यंत. कोण कुठल्या गावचा, कोणाचा पणजोबा गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, कधी आला, हे ऐकत मी मोठी झाले. त्या वह्यांना कंटाळून सरकारी नोकरी धरली, तर पहिल्याच दिवशी या गुडघ्याच्या मालकाने माझ्यापुढे एक वही आपटली आणि म्हणाला, "ताई, अक्षर बरं आहे का? मग स्वच्छ प्रत काढा."

ते आमचे कालवा निरीक्षक. मूळचे बागलाणातले. उंची सहा फुटांच्या वर, आणि त्यातली निम्मीअधिक पायांत. खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे टेबलाला खालून लागायचे, टेबल उचललं जायचं आणि माझ्या हातातलं पेन घसरायचं. एरवी नाशिककरांसारखं शुद्ध बोलत, पण चिडले की अहिराणीत शिरत. "काबरं?" असा त्यांचा आवाज आला की शिपाईसुद्धा चहा बाहेरच ठेवून जाई.

मी वही उघडली. गावाचं नाव, डोहाचं नाव, मग अर्जदारांची यादी. मोटर किती एचपीची, क्षेत्र किती, पीक कोणतं. आणि अगदी वर, अर्जदार क्रमांक एक: 'मासे (सर्व), सुरय पक्षी, पाणमांजर एक (दिसल्यास).' मोटर: नाही. क्षेत्र: डोह. पीक: पिल्ले. पाण्याची गरज: बारमाही.

मला वाटलं, नव्या पोरीची गंमत चालली आहे. मी तडक विचारलं, "साहेब, हेही उतरवायचं?"

"काबरं? त्यांनी काय पाप केलं?"

आमच्या घरच्या वह्यांत सात-सात पिढ्यांची नावं होती, पण मासा एकही नव्हता. मी मुकाट्याने उतरवलं आणि घरी जाऊन वडिलांना सांगितलं की मला वेड्यांच्या कचेरीत टाकलं आहे, बदलीसाठी कोणाला तरी सांगा.

त्या दिवसांत नदीकाठच्या विनापरवाना मोटरी नोंदवून घेण्याचं काम जोरात होतं. ज्याची नोंद त्याचा हक्क. नोंद नसेल तर बाप-आजापासून पाणी उपसणारा माणूसही कागदावर चोर. मोठ्या बागायतदारांचे कागद एजंटाच्या हातून आपोआप चालत येत. तीन एचपीची मोटर आणि वीस गुंठे रान असलेली माणसं मात्र कचेरीची पायरी चढायला भीत. मोटर बघायला कोणी आलं की ती उसात लपवत. "मोठ्यांचे कागद आपल्याकडे येतात, लहानांकडे आपण जायचं," असं म्हणून साहेब नोंदवही खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून स्कूटरला बांधत आणि घाटावर जाऊन बसत. तिथेच अर्ज, तिथेच नकाशा, तिथेच अंगठा. मी शाईचा पॅड धरून मागे. त्या माणसाने वर्षभरात जेवढ्या लहान मोटरी कायद्यात आणल्या, तेवढ्या कचेरीने त्याआधी कधी आणल्या नव्हत्या. आणि कोणाकडून चहादेखील घेत नसत. स्वतःचा स्टीलचा ग्लास आणि थर्मास बरोबर असे.

पण फुकटात काही मिळत नसे. त्यांच्या खिशात मच्छरदाणीचा एक तुकडा कायम असायचा. मोटरच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, त्याला मच्छरदाणी बांधल्याशिवाय अर्जावर सही नाही. कारण मोटर चालू झाली की माशांची पिल्लं पाइपात ओढली जातात आणि सरीत जाऊन मरतात. बांधली म्हणून लगेच सुटका होत नसे. साहेब मोटर चालू करायला लावत, बादली भरून घेत आणि त्यात डोकं घालून बघत बसत. बादलीत एक पिल्लू जरी दिसलं तरी अर्ज आठ दिवस मागे. शेतकरी वैतागत. "साहेब, जाळीत शेवाळ अडकतं हो, पाणीच येत नाय."

"मग घासा. दात घासता ना रोज?"

हा माणूस पूर्वी मासे मनापासून खाणारा होता. मरळीचं कालवण म्हटलं की डोळे मिटून वर्णन करायचा. पण माशांचा अर्ज दाखल झाल्यापासून त्याने मासे सोडले होते. गावातल्या एकाने प्रेमाने जेवायला बोलावलं, तर ताटाकडे बघून साहेब म्हणाले, "ज्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, त्याला मी खाऊ कसा?" आणि चटणी-भाकरी मागून घेतली.

एकदा तपासणीचं पथक आलं. त्यांनी शेरा मारला: 'अर्जदार क्र. १ यांचा सातबारा जोडलेला नाही. तसेच सही अगर अंगठा नाही.' आम्हाला वाटलं, आता साहेब संपले. साहेबांनी मला उत्तर लिहायला बसवलं. 'अर्जदार नदीत राहतात, सबब सातबारा नाही. अर्जदारांस अंगठाही नाही. तथापि उर्वरित सर्व अर्जदारांची त्यांच्या हक्कास हरकत नाही, सह्या सोबत जोडल्या आहेत.' आणि खरोखरच दोन दिवस गावात फिरून त्यांनी डोहावरच्या बावीसच्या बावीस मोटरवाल्यांच्या सह्या आणल्या. त्यानंतर पथकाकडून काही आलं नाही. बदलीबद्दल वडिलांना विचारायचं मी त्याच आठवड्यात सोडून दिलं. उगाच खोटं कशाला सांगू, मला त्या माणसाचा अभिमान वाटायला लागला होता.

आता गुडघ्याची गोष्ट.

त्या डोहाच्या मध्यावर वाळूचं एक बेट आहे. उन्हाळ्यात सुरय तिथे अंडी घालतात. चोचीला हळद लावल्यासारखा पिवळा रंग, डोक्यावर काळी टोपी असे हे पक्षी, घरटं बांधायचा आळस, सरळ वाळूतच अंडी. बेटाभोवती पाणी आहे तोवर ती सुखरूप. एका वर्षी मोटरींनी पाणी एवढं ओढलं की बेट काठाला जोडलं गेलं आणि कुत्र्यांनी एका रात्रीत सगळी अंडी खाल्ली. डोहात उरलेल्या डबक्यात मासे आडवे पडले. साहेब सकाळी पोचले ते हे बघायला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरायला लागल्यापासून रोज जाऊन ते डोहातल्या एका सपाट काळ्या खडकावर पँट वर करून उभे राहू लागले. बायका त्या खडकावर एरवी धुणी धूत. त्या खडकावर उभं राहिल्यावर पाणी आपल्या गुडघ्याला लागतंय, तोवर बेट सुटं राहतं, हे त्यांनी हेरलं. गुडघ्याखाली गेलं की जोडलं जातं.

झालं. खडकाला भोक पाडून लोखंडी गज उभा केला, गुडघ्याच्या उंचीवर त्याला कडी बसवली, आणि गवंडी पातळी बघायला वापरतात तसली नळी लावून बाविसांचे बावीस फुटव्हॉल्व्ह कडीच्या उंचीवर बांधून टाकले. पाणी तिथवर उतरलं की मोटर नुसती हवा ओढते आणि पाणी सोडून देते. कोणी बंद करायला नको, भांडायला नको. गावाने त्या कडीला नाव ठेवलं 'साहेबांचा गुडघा'.

नोंदवहीत काय लिहायचं, असं मी विचारलं. साहेब उभ्या उभ्या सांगत गेले आणि मी लिहीत गेले: 'डोहातील पाणी निम्नस्वाक्षरीकाराच्या गुडघ्याखाली जाऊ देऊ नये.' खाली त्यांनी झोकात सही केली. किती सेंटिमीटर, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही, आणि मला, शहाणीला, विचारायचंही सुचलं नाही. निम्नस्वाक्षरीकार कायम तिथेच असणार, असं आम्ही दोघं धरून चाललो.

अर्जदार क्रमांक सात म्हणजे मोगरेवाली मावशी. नवरा गेल्यावर तिने पंधरा गुंठ्यांतला कांदा काढून मोगरा लावला. पहाटे कळ्या खुडायच्या आणि पहिल्या गाडीने नाशिकच्या फुलबाजारात पोचवायच्या, हा तिचा उन्हाळा. तिची मोटर तीन एचपीची, आणि तिचा हक्क साहेबांनी तिच्या ओट्यावर बसून नोंदवला होता. तोवर शेजारचा बागायतदार तिला "तुझी मोटर बेकायदा हाय" म्हणून दम देत असे. परवान्याचा कागद तिने देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

मग तो वाईट उन्हाळा आला. धरणाचं आवर्तन लांबलं. पाणी कडीला टेकलं, मोटरी हवा ओढायला लागल्या, आणि पाणी सुटायला अजून आठ दिवस होते. इतरांचं पीक काढून झालं होतं. ज्याला आठ दिवसही निघणार नव्हते, तो फक्त मावशीचा मोगरा. ती कचेरीत आली, खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, माझा एकटीचा पाइप हातभर खाली सोडू द्या. लय नाय, आठ दिवस. तीन वर्षांची झाडं हायेत ती."

"बेटावर अंडी आहेत मावशी. पंधरा-वीस घरं आहेत."

"मग माझं घर नाय का ते?"

साहेब म्हणाले, "तुम्ही सही केली होती मावशी."

मी तिथेच भडकले. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी आवाज चढवून बोलले ती तेवढी एकच वेळ. म्हटलं, "साहेब, पक्षी पुढच्या वर्षी परत अंडी घालतील. ही बाई काय घालणार?" मावशी जाता जाता जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मनातल्या मनात त्यातल्या बऱ्याचशा शब्दांना दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर उशिरा आले, पँट मांडीपर्यंत ओली. तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी माझ्याने राहवलं नाही, मी स्कूटी काढून डोहावर गेले. साहेब आणि मावशी त्या काळ्या खडकावर शेजारी शेजारी पाण्यात उभे होते आणि घागरी भरत होते. एक घागर तिच्या कमरेवर, दोन साहेबांच्या हातात. बांध चढायचा, मोगऱ्याच्या आळ्यात ओतायची, परत यायचं. पहाटेपासून कचेरीच्या वेळेपर्यंत रोज.

मला बघून साहेब म्हणाले, "मोटरचा हक्क संपला की घागरीचा सुरू होतो. घागरीला माशांची हरकत नसते. मी विचारलंय."

मावशी म्हणाली, "बघा ना ताई, यांनीच माझं पाणी बंद केलं नि हेच वाहून ऱ्हायले. आता यांना शिवी देऊ का च्या देऊ, मला कळंना."

मी पदर खोचला. माझ्या अकरा खेपा झाल्या आणि पुढचे दोन दिवस मला मान वळवता आली नाही. सगळा मोगरा वाचला नाही. वरच्या अंगाच्या चार ओळी वाळून गेल्याच. मावशीने त्या उपटल्या तेव्हा मी तिथे होते, आणि साहेबांनीही त्या उपटायला हात लावला. कोणी कोणाची समजूत घातली नाही. पण बेटावर पिल्लं निघाली. आवर्तन आल्यावर मावशीने एक गजरा करून पाठवला, तो साहेबांनी नोंदवहीवर ठेवला. त्या पानाला पुढे किती तरी दिवस वास येत होता.

यथावकाश ते निवृत्त झाले. समारंभात भाषण करायला सांगितलं तर म्हणाले, "जाळ्या घासत जा," आणि बसले. मी तिथेच राहिले, बढती झाली. पुढे एका पुराने खडकावरचा गज कडीसकट नेला, काठचे पाइपही उपटून नेले. त्याच सुमाराला सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचा हुकूम निघाला. कॉम्प्युटर गुडघा घेईना. त्याला मीटर हवे होते. नवा निरीक्षक, मुलगा चांगला पण साडेपाच फुटी, मला म्हणाला, "मॅडम, आता निम्नस्वाक्षरीकार मी आहे. माझा धरायचा का?" गावातले काही जण लगेच तयार झाले. बुटक्या माणसाचा गुडघा म्हणजे प्रत्येक मोटरला आठ-दहा दिवसांचं पाणी जास्त. मी वर लिहून कळवलं, आणि मग ते पत्र आलं.

साहेब ओझरला मुलाकडे असतात. मी टेप घेऊन गेले. त्यांनी काठी टेकत दार उघडलं. दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेरच्या बाजूला वाकलेले, चालताना बोटीसारखे हेलकावे. मी पत्र दाखवलं. ते एवढे हसले की सूनबाई आतून बघायला आल्या.

"बरं झालं आत्ता आलीस. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. नंतरचा गुडघा कंपनीचा, त्याला सरकारी किंमत नाही."

मी टेप काढला तर त्यांनी माझा हात धरला. "इथे फरशीवर मोजून काय उपयोग? चल, खडकावर."

सूनबाई नको नको म्हणत असताना आम्ही गाडी केली. मी नव्या निरीक्षकाला फोन करून ठेवला होता, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा डोहावर निम्मं गाव जमलं होतं. खडकात नवा गज उभा होता, फक्त कडी बसवायची बाकी. मावशी पाण्यात आधीच उतरून थांबली होती. तिने आणि मी दोन्हीकडून धरून साहेबांना खडकावर नेलं. काठावरून पाच एचपीवाला एक जण ओरडला, "साहेब, जरा खाली बसा की! म्हातारपणी माणूस खचतोच!" सगळे हसले, साहेबही हसले.

साहेब उभे राहिले. ताठ व्हायचा प्रयत्न केला, पण पाय सरळ होईनात. नव्या निरीक्षकाने टेप धरला, आकडा मोठ्याने वाचला आणि गजावर खडूने खूण केली. मी वही उघडली.

"खोटं हाय ते," मावशी म्हणाली.

मला वाटलं, चार ओळी वाळल्या त्याचा हिशेब आता निघणार. आणि तिने खूण खाली मागितली असती तर तिला नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

मावशीने साडी जराशी वर धरली आणि आपल्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, आडवा हात ठेवला. "त्या साली आठ दिवस मी याच खडकावर उभी राहून घागरी भरल्या. पाणी साहेबांच्या गुडघ्याला नि माझ्या इथवर यायचं. साहेबांचा पाय आता वाकलाय. माझा नाय वाकला." आणि तोच हात तसाच नेऊन तिने गजाला लावला. खडूच्या खुणेच्या वर, चांगली तीन बोटं.

नवा निरीक्षक हळूच म्हणाला, "मावशी, तीन बोटं वर म्हणजे तुमचंही पाणी लवकर तुटेल."

"मला कळत नाय का ते? बसवा कडी."

साहेबांनी एकदा तिच्या हाताकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही आम्ही धरले होते. "बरोबर शे," एवढंच अहिराणीत म्हणाले. कडी बसेपर्यंत ते हट्टाने पाण्यातच उभे राहिले. बेटावरून दोन सुरय उठले, आमच्या डोक्यावर ओरडत फिरले आणि परत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला. आकडा मीटरमध्ये दिला, कॉम्प्युटरने तो बिनतक्रार घेतला. शेऱ्याचा रकाना मात्र मी साहेबांच्याच पद्धतीने भरला: 'निम्नस्वाक्षरीकाराचा गुडघा प्रत्यक्ष जागेवर मोजला असता वयोमानाने तीन बोटे कमी भरला. सदर तीन बोटे अर्जदार क्र. ७ यांनी स्वखुशीने आपल्या हक्कातून भरून दिली. मोजणीच्या वेळी अर्जदार क्र. १ हजर होते.'